पिसाळलेला की फेफऱ्याचा?
श्वानांच्या अपस्माराची आणि दोन जुन्या औषधांची हकिगत

२०१६ च्या मे महिन्यातली दुपार. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या एका जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात मी तेव्हा हिशेब लिहीत असे. गल्लीच्या तोंडाशी, सावलीला झोपलेला एक तपकिरी कुत्रा एकाएकी आडवा झाला. चारी पाय ताठ, मान मागे ओढलेली, तोंडाला फेस. कुणीतरी ओरडलं, "पागल हो गया!" दीड-दोन मिनिटांत त्याचं अंग सैल पडलं. तो उठला, भेलकांडत भिंतीला धडकला आणि दिशा न कळून माणसांच्या दिशेनं चालू लागला. तो अंगावर येतोय असंच सगळ्यांना वाटलं. मग विटा आल्या, दांडकी आली. मी कारखान्याचं शटर अर्ध्यावर ओढून आत उभा राहिलो. बाहेर जे चाललं होतं ते बरोबरच आहे, असं त्या वेळी माझंही मत होतं.

दोन वर्षांनी माझ्या घरात तेच दृश्य घडलं. आमचा काळू तेव्हा तीन वर्षांचा. रात्री दीड वाजता झोपेतच त्याचे पाय ताठ झाले, जबडा चावल्यासारखा हलू लागला, अंथरूण ओलं झालं. महिन्याभरानं पुन्हा तसंच. डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाहिलं, प्रश्न विचारले. लस दिलेली आहे, दोन झटक्यांच्या मधल्या काळात कुत्रा ठणठणीत आहे, झटक्यानंतर तासाभरात जेवायला मागतो. "फेफरं आहे," ते म्हणाले. "माणसाला होतं तसंच. गोळी सकाळ-संध्याकाळ, बहुधा जन्मभर."

घरी येताना मला त्या तपकिरी कुत्र्याची आठवण झाली. तो पिसाळलेला होता की त्यालाही फेफरंच होतं, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. मी पशुवैद्य नाही, इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. जुनी पुस्तकं मिळवून वाचण्याची सवय तेवढी आहे. त्या रात्रीपासून मी हा विषय वाचत आलो आहे. लोकांनी कुत्र्याच्या झटक्याला आजवर काय काय मानलं आणि तो आजार आहे हे कळायला किती काळ लागला, त्याची ही हकिगत.

श्वग्रह

आपल्या परंपरेत कुत्रा आणि फेफरं यांची गाठ फार जुनी आहे, पण ती उलट्या बाजूनं बांधलेली. आपस्तंब गृह्यसूत्रात 'श्वग्रहा'नं धरलेल्या मुलासाठी एक विधी दिला आहे. श्वग्रह म्हणजे कुत्र्याच्या रूपातली पीडा. अभ्यासक त्याचा अर्थ अपस्मार असा घेतात. मुलावर जाळं टाकायचं, घंटा वाजवायची, दाराऐवजी दुसऱ्याच वाटेनं त्याला द्यूतसभेत न्यायचं, फाशांवर उताणं निजवायचं आणि ओंजळीनं दही आणि मीठ शिंपडायचं. पारस्कर गृह्यसूत्रातल्या अशाच विधीत या पीडेची वंशावळ येते : आई सरमा, भाऊ श्याम आणि शबल. हे सारे देवांच्या आणि यमाच्या घरचे कुत्रे.

पुढे वाग्भटानं अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात बालग्रहांमध्ये श्वग्रह घेतला. त्याची लक्षणं वाचताना मी थबकलो. कंप, मिटलेले डोळे, मागे ओढली जाणारी शरीराची कमान, जिभेला चावा, घशातली घरघर, कुत्र्यासारखं ओरडणं. शेवटचं सोडलं तर माझ्या घरात मी पाहिलं ते हेच होतं. निरीक्षण चोख होतं, फक्त कारण कुत्र्यावर ढकललेलं होतं. खुद्द कुत्र्यालाच हे होतं, तेव्हा त्याला कुणी धरलं, हा प्रश्न मला या ग्रंथांत कुठं भेटला नाही.

कुत्र्याच्या ज्या आजाराकडे प्राचीन वैद्यांचं बारीक लक्ष होतं, तो म्हणजे पिसाळणं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराचं वर्णन आहे. शेपूट, जबडा आणि खांदे लोंबलेले, तोंडातून सतत लाळ, बहिरं-आंधळं होऊन धावत सुटणं. चावलेल्या माणसाला पाण्याचं भय वाटू लागलं की तो वाचत नाही, हेही तिथं नोंदवलं आहे. सुश्रुताच्या पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडा लोंबतो. फेफऱ्याच्या कुत्र्याचा जबडा आवळतो. हा फरक डोळ्यांना दिसणारा आहे. पण आमच्या गल्लीत त्या दुपारी कुणाला तो दिसला नाही, मलाही नाही.

आठ आण्यांचा कुत्रा

लोकांच्या भीतीला मात्र कारण होतं. मुंबईत कंपनी सरकारनं उन्हाळ्यात भटके कुत्रे मारण्याचा हुकूम काढला होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळे. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली, आणि इनामाच्या लोभानं लोकांच्या दारातले कुत्रेही उचलले जाऊ लागले. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी मंडळींनी कुत्रे पकडणाऱ्यांना अडवलं, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि लष्कर बोलवावं लागलं. मुंबईच्या इतिहासात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून ओळखली जाते. आठ आणे देताना कुत्रा पिसाळलेला होता की नाही, हे कुणी तपासत नसे.

चावलेल्या माणसासाठी लस आली तीही सहज सोसण्यासारखी नव्हती. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथं डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस पुढं जवळजवळ शतकभर भारतात चालली. पोटातली ती चौदा इंजेक्शनं माझ्या पिढीला ऐकून तरी ठाऊक आहेत. एका कुत्र्यामुळे पोटात चौदा सुया घ्याव्या लागणार असतील, तर फेस आलेला कुत्रा दिसताच हात विटेकडे जातो. हे समर्थन नाही. पण आमच्या गल्लीतली दुपार कुठून आली, ते यातून समजतं.

फेफरं आणि पिसाळणं वेगळं काढण्याचं काम तोवर सुरू झालेलं होतं. विल्यम यूएट या इंग्रज पशुवैद्यानं १८४५ मध्ये श्वानांवर लिहिलेल्या ग्रंथात अपस्मार मज्जासंस्थेच्या प्रकरणात घातला आणि पिसाळण्याला स्वतंत्र प्रकरण दिलं. हे ज्ञान आपल्याकडे पोचण्याची वाट परळहून गेली. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली, पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. सरकारला पशुवैद्य हवे होते ते प्रामुख्यानं घोडे, बैल आणि खेचरांसाठी. तरीही १८८८ मध्ये, परळच्या कामात बुडालेले असताना, स्टील यांचा श्वानरोगांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तीनच वर्षांनी ते वारले. कॅम्प ५ पासून लोकलनं दीड तासावर, एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वी, कुत्र्याच्या आजारांचं शास्त्र शिकवणारा माणूस बसलेला होता, हे मला पन्नाशीत कळलं.

चुकीच्या कारणासाठी बरोबर औषध

मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली ते साल १८५७. त्याच वर्षीच्या ११ मे रोजी लंडनमधल्या वैद्यकांच्या एका सभेत सर चार्ल्स लोकॉक उभे राहिले. हे राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणांचे वैद्य. अपस्मारावरच्या निबंधाची चर्चा चालू असताना ते म्हणाले की, मासिक पाळीच्या सुमाराला झटके येणाऱ्या काही स्त्रियांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिलं आणि एक सोडून सगळ्यांना गुण आला. त्यामागची कल्पना अशी की फेफरं कामवासनेतून येतं आणि ब्रोमाइड वासना शमवतं. कल्पना साफ चुकीची, पण औषध लागू पडलं. अपस्मारावर खरोखर परिणाम करणारं हे पहिलं औषध.

ब्रोमाइड हे एक क्षार आहे. १८२६ मध्ये आंत्वान बालार या फ्रेंच तरुणानं मिठागराच्या पाण्यातून ब्रोमिन वेगळं काढलं होतं. मीठ काढून घेतल्यावर उरणारं कडू पाणी हेच त्याचं मूळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे औषध माणसांकडून जनावरांच्या औषधपेटीत आलं.

दुसरं औषध १९१२ चं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या मनोरुग्णालयात आल्फ्रेड हाउप्टमान हा तरुण डॉक्टर होता. 'ल्युमिनल' हे झोपेचं नवं औषध बाजारात आलं होतं. रुग्णांना ते दिल्यावर झोप लागतेच, शिवाय झटकेही कमी होतात, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं ते छापलं. ल्युमिनल म्हणजेच फेनोबार्बिटल. पुढे हाउप्टमान हाले इथं प्राध्यापक झाला. ज्यू असल्यानं १९३५ मध्ये त्याचं पद गेलं, १९३८ मध्ये त्याला छळछावणीत डांबलं, आणि सुटल्यावर तो अमेरिकेत गेला. त्याच काळात नाझी डॉक्टर अपंग मुलांना मारण्यासाठी ल्युमिनलच वापरत होते. आज माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी 'गार्डिनल' नावानं ठेवलेली गोळी तीच. इतका इतिहास त्या इवल्याशा पांढऱ्या गोळीत असेल, असं वाटलं नव्हतं.

कुत्र्याचं ऋण

या कथेत कुत्रा नुसता रुग्ण नाही. १८७० मध्ये बर्लिनमध्ये गुस्ताव्ह फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघांनी कुत्र्यांच्या उघड्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श केला. विद्यापीठात जागा नव्हती म्हणून हे प्रयोग हिट्झिगच्या घरी झाले, सौ. हिट्झिग यांच्या शृंगाराच्या मेजावर, असं सांगतात. मेंदूच्या ठरावीक जागी स्पर्श केला की विरुद्ध बाजूचा पाय हले. स्पर्श वाढला की काही कुत्र्यांना थेट फेफऱ्याचे झटके आले. फेफरं मेंदूत जन्मतं, रक्तात, पोटात किंवा भुताखेतांत नाही, याचा एक मोठा पुरावा कुत्र्यांनी असा दिला. त्यांना विचारून कुणी घेतला नव्हता.

दुसरा प्रसंग पिठाचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेत कुत्र्यांना एक विचित्र आजार होई. कुत्रा एकाएकी भ्यायल्यासारखा पळत सुटे, भिंतींवर आदळे, मग झटके येत. त्याला 'श्वान-उन्माद' म्हणत. १९४६ मध्ये सर एडवर्ड मेलन्बी यांनी दाखवलं की दोष पिठात आहे. पीठ पांढरंशुभ्र करण्यासाठी त्यातून नायट्रोजन ट्रायक्लोराइड वायू सोडत. त्या पिठाची बिस्किटं खाल्ली की कुत्र्याला झटके, साध्या पिठाची खाल्ली की नाहीत. माणसं तोच पाव खात होती. अमेरिकेनं १९४९ मध्ये ही पद्धत सोडली, ब्रिटननं त्यानंतर काही वर्षांनी. प्रत्येक झटका हा अपस्मार नसतो, हा धडा डॉक्टर आजही पहिल्या भेटीत गिरवतात. विषबाधा, रक्तातली साखर उतरणं, यकृताचा दोष, डिस्टेंपर हे सगळं आधी बाजूला काढावं लागतं. त्यानंतरच, विशेषतः पहिला झटका सहा महिने ते सहा वर्षं या वयात आला असेल, तर ज्याचं दुसरं कारण सापडत नाही असा मूळचा अपस्मार म्हणतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत दर हजारात सुमारे सहा कुत्र्यांना अपस्मार आढळला. म्हणजे हा काही क्वचितचा आजार नव्हे.

कुत्रा म्हणजे लहान माणूस नव्हे

१९३८ मध्ये बॉस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटोइनचा झटके रोखणारा गुण दाखवून दिला. माणसांसाठी ते वरदान ठरलं, कारण त्यानं रुग्ण झोपाळत नाही. कुत्र्यांना मात्र ते कुचकामी निघालं. कुत्र्याचं यकृत ते इतक्या झपाट्यानं मोडून टाकतं की काही तासांतच रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे नवी औषधं येत राहिली, तरी कुत्र्यांच्या वाट्याला दोन जुनीच उरली. १९८५ मध्ये, पुन्हा जर्मनीतच, श्वार्त्स-पोर्शे आणि सहकाऱ्यांनी फेनोबार्बिटलची तुलना प्रिमिडोन या औषधाशी केली. प्रिमिडोनचा बहुतेक गुण कुत्र्याच्या शरीरात त्याचं फेनोबार्बिटल होतं म्हणूनच येतो आणि यकृताला त्रास मात्र जास्त, असं चित्र पुढे आलं. अमेरिकेत २०१२ मध्ये दोन जुन्या औषधांची आमनेसामने तुलना प्रसिद्ध झाली. फेनोबार्बिटलवर २० पैकी १७ कुत्र्यांचे झटके थांबले, ब्रोमाइडवर २३ पैकी १२ चे. २०१५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या श्वान-मेंदूतज्ज्ञांनी एकत्र येऊन उपचारांची सूत्रं ठरवली. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके आले, एकाच दिवसात झटक्यांची माळ लागली, किंवा एक झटका पाच मिनिटांवर लांबला, तर औषध सुरू करावं, वाट पाहू नये.

औषध सुरू केल्यावरचं काम चिवटपणाचं आहे. फेनोबार्बिटल बारा-बारा तासांनी द्यायचं. रक्तातलं प्रमाण स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात, मग तपासणी. सुरुवातीला कुत्रा झिंगल्यासारखा राहतो, भूक-तहान अफाट वाढते, लघवी वाढते. काही महिन्यांनी यकृत तेच औषध जास्त वेगानं मोडायला शिकतं, म्हणून पुन्हा तपासणी आणि यकृताच्या चाचण्या. सगळ्यांत घातक म्हणजे 'आता बरा आहे' म्हणून गोळी एकदम बंद करणं. तसं केलं तर झटके आधीपेक्षा जोरात उसळतात.

पापड

आता पुन्हा कॅम्प ५. लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं. इथल्या घरांत पाहुण्यापुढे आधी पाणी येतं आणि त्यासोबत पापड. आमच्या काळूला गोळीनं झटके कमी झाले, थांबले नाहीत. म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या वर्षी ब्रोमाइडची जोड दिली. ब्रोमाइड कुत्र्याच्या शरीरातून फार हळू जातं. निम्म्यावर यायला सुमारे चोवीस दिवस, आणि प्रमाण स्थिर व्हायला तीन-चार महिने. चार महिने मी तारखा मोजल्या. पाचव्या महिन्यात झटके जवळपास थांबले. सातव्यात पुन्हा सुरू.

डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बदल?" मी नाही म्हटलं. घरी येऊन जिन्यात विचारलं, तेव्हा शेजारच्या दादी निरागसपणे म्हणाल्या, "बेटा, आजारी आहे ना तो. मी रोज दोन पापड देते त्याला, ताकद येते." मूत्रपिंडाला मिठातलं क्लोराइड आणि ब्रोमाइड यांत फारसा भेद करता येत नाही. मीठ वाढलं की ते दोन्ही भराभर बाहेर टाकतं. दादींच्या मायेनं काळूचं औषध लघवीवाटे निघून जात होतं. मी त्यांना हे समजावलं. त्यांनी आधी हात जोडले, मग डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवसापासून काळूसाठी बिनमिठाची पोळी येऊ लागली. उलटही खरं आहे. मीठ अचानक तोडलं तर ब्रोमाइड साचून कुत्रा लुळा पडू शकतो. म्हणून आहार बदलायचाच तर डॉक्टरांना विचारून. आपस्तंबाच्या विधीतल्या ओंजळभर मिठाची तेव्हा मला आठवण झाली. तिथं मीठ पीडा घालवायला होतं, इथं तेच पीडा परत आणत होतं.

हिशेबनिसाची सवय इथं कामी आली. माझ्याकडे काळूची वही आहे. तारीख, वेळ, किती सेकंद, झोपेत की जागेपणी, नंतर किती वेळात सावरला, कोणती गोळी चुकली. तिच्यावरूनच डॉक्टर मात्रा ठरवतात. झटका पाहणारा डॉक्टर जवळजवळ कधीच नसतो, पाहणारे आपणच. अडचणी येतात. एका औषधाच्या दुकानात "कुत्र्याच्या चिठ्ठीवर ही गोळी देत नाही" म्हणून मला परत पाठवलं. फेनोबार्बिटल अमली पदार्थांच्या कायद्यातल्या यादीत आहे, त्यामुळे दुकानदाराची भीती समजते. पण बारा तासांचं घड्याळ थांबत नाही. तेव्हापासून घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतात.

आणि गल्लीसाठी काही. झटका आलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात, चमचा, पाणी घालू नये. कांदा आणि चप्पल हुंगवण्याचाही काही उपयोग नाही. आजूबाजूच्या वस्तू हलवाव्यात, गर्दी पांगवावी, घड्याळ पाहावं. झटक्यानंतर कुत्रा काही वेळ आंधळ्यासारखा भरकटतो, तो हल्ला नव्हे. अपस्माराचा कुत्रा सावरतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. रेबीजचा कुत्रा दिवसागणिक ढासळतो आणि साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. मात्र रेबीज आणि डिस्टेंपरमध्येही झटके येऊ शकतात, म्हणून अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही. लांबून लक्ष ठेवायचं आणि जाणत्या माणसाला बोलवायचं. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. आता ती पोटात नाही, दंडात देतात. विटेची गरज यांत कुठेच लागत नाही.

काळू आता दहा वर्षांचा आहे. वर्षाकाठी दोन-तीन झटके येतात, मिनिटभराचे. वहीचं तिसरं बाड चालू आहे. मागच्या पावसाळ्यात गल्लीतल्या एका पांढऱ्या कुत्रीला रस्त्यात झटका आला. पोरं जमली. एकानं दगड उचललाही. दादी दारातूनच ओरडल्या, "अरे ठहरो, मिर्गी है, घड़ी देखो!" मीही खाली उतरलो, या वेळी शटर न ओढता. एक मिनिट चाळीस सेकंद. कुत्री उठली, भिंतीला धडकली, बसली, आणि अर्ध्या तासानं शेपूट हलवू लागली. पुढचे दहा दिवस आम्ही तिच्यावर लांबून नजर ठेवली. ती रोज दिसत राहिली.